कुंपण कुणाचं, शेजार कुणाचा?

बडोद्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. चार पानी, बारीक अक्षरातलं. त्यांचा बंगला आणि शेजारचा बंगला यांच्यामध्ये गेली पंचवीस वर्षं मेंदीचं कुंपण आहे. ते कुणी लावलं, हे आता कुणालाच नक्की आठवत नाही. पाणी मात्र दोन्ही घरांनी घातलं. आता शेजारच्यांचा मुलगा परदेशातून परत आला आहे. त्याला मेंदी काढून सहा फुटी पक्की भिंत बांधायची आहे आणि निम्मा खर्च या बाईंनी द्यावा अशी त्याची अपेक्षा आहे. त्यातच बाईंच्या आंब्याच्या दोन फांद्या पलीकडे गेल्यात. ‘त्या तोडा, नाहीतर मी तोडतो,’ असा निरोप कामवालीकरवी आला आहे.

बाई विचारतात, ‘कुंपण नेमकं कुणाचं? खर्च देणं मला बंधनकारक आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, भांडण न होता हे कसं निभावायचं?’

पत्र वाचलं आणि मला आमच्याच घरची गोष्ट आठवली. ती आधी सांगते, कारण कायद्याची कलमं नंतर कळली तरी चालतात. काय करू नये, हे मात्र आधी कळलेलं बरं.

साडेसदतीस चौरस फूट

आमच्या घरालाही मेंदीचंच कुंपण होतं. पन्नास फूट लांब. आई दर पावसाळ्यानंतर ते कातरून घ्यायची. मध्ये एका ठिकाणी मेंदी मेली होती, तिथे हातभर फट पडली होती. ती फट हा दोन्ही घरांचा खरा दरवाजा होता. विरजणाची वाटी तिथून जायची, दिवाळीचं ताट तिथून यायचं. दोन्ही घरची मुलं तर पुढच्या फाटकातून कधी गेलीच नाहीत.

२००८ साली शेजारच्या काकांनी भिंत बांधायला काढली. त्यांच्याकडे चोरी झाली होती, काकू घाबरल्या होत्या. पाया खणला गेला आणि बाबांना वाटलं, पाया नऊ इंच आपल्या हद्दीत आला आहे. पन्नास फूट लांबी आणि नऊ इंच रुंदी म्हणजे साडेसदतीस चौरस फूट. एका पलंगाइतकी जागा. बाबांनी रविवारी काकांशी आंब्याच्या मोहोराबद्दल गप्पा मारल्या, पायाबद्दल चकार शब्द काढला नाही आणि सोमवारी वकिलाकरवी नोटीस पाठवली.

पुढे सरकारी मोजणी झाली. भिंत पूर्णपणे काकांच्याच जागेत होती. उलट आईनं इतकी वर्षं जपलेली मेंदीच चार इंच त्यांच्या हद्दीत होती! त्यावर काकांनी कधी तक्रार केली नव्हती. त्या दिवशी बाबांनी ‘माझं चुकलं’ एवढं म्हटलं असतं, तर बहुधा चहा होऊन सगळं मिटलं असतं. पण ते म्हणाले नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ, करत राहिले. भिंत पूर्ण झाली, फट बुजली आणि दोन्ही घरांचं बोलणं थांबलं. ते थांबलं ते अकरा वर्षं.

२०१९ मध्ये काका गेले. बाबा गर्दीत मागे उभे होते. काकूंनी त्यांना पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, “भाऊजी, ते तुमची वाट बघायचे हो.” बाबांनी त्या रात्री जेवण केलं नाही. नऊ इंचांच्या जागेचा हिशोब त्यांना तोंडपाठ होता. अकरा वर्षांचा हिशोब मात्र अजून लागलेला नाही.

मालकी जमिनीवरून ठरते

आता बडोद्याच्या ताईंच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू या. कुंपण कुणी लावलं, पाणी कुणी घातलं, कुणाच्या बाजूनं ते छान दिसतं, यावरून मालकी ठरत नाही. कुंपण ज्याच्या जमिनीवर उभं आहे त्याचं, हा साधा नियम. ‘घरासमोर उभं राहिल्यावर डाव्या हाताचं कुंपण आपलं,’ असं काही जण छातीठोकपणे सांगतात. त्याला आपल्याकडे कायद्याचा आधार नाही.

भिंत जर दोघांच्या संमतीनं बरोबर हद्दीवर बांधली, निम्मी इकडे निम्मी तिकडे, तर ती सामाईक होते. तिचा वापर दोघांचा आणि डागडुजीही दोघांची. एकानं दुसऱ्याला न विचारता ती पाडायची नाही, उंच करायची नाही आणि तिच्यावर शेडचे पत्रेही टेकवायचे नाहीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सामाईक भिंतींसाठी १९९६ सालचा स्वतंत्र कायदा आहे. काम काढण्याआधी शेजाऱ्याला लेखी कळवण्याची रीतच त्यात घालून दिली आहे. आपल्याकडे असा वेगळा देशव्यापी कायदा नाही. त्यामुळे आपला लेखी करारच इथे उपयोगी पडतो.

मग निम्मा खर्च? ताईंनी भिंत मागितलेली नाही. शेजाऱ्यांना हवी आहे आणि ते स्वतःच्या हद्दीत बांधणार आहेत, तर केवळ शेजारी म्हणून खर्चाचा वाटा देणं ताईंना बंधनकारक नाही. सोसायटीच्या नियमात किंवा खरेदीखतात तशी अट असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून ते कागद आधी काढून वाचावेत. ताईंनाही भिंत हवी असेल, तर मात्र अर्धा खर्च देऊन ती सामाईक करून घेणं शहाणपणाचं. दोघांचीही जागा वाचते आणि उद्या नातवंडांत वाद होत नाही.

हद्द कुठे आहे ते कसं कळणार?

इथे बहुतेक जण एक चूक करतात. सात-बाराचा उतारा किंवा मिळकत पत्रिका पुढे करतात. या कागदांवर क्षेत्र किती ते कळतं. पण ते क्षेत्र जमिनीवर नेमकं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, ते निव्वळ उताऱ्यावरून कळत नाही. त्यासाठी नकाशा आणि मोजणी लागते.

महाराष्ट्रात त्यासाठी भूमी अभिलेख खात्याच्या उपअधीक्षकांकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा. हल्ली हा अर्ज ई-मोजणीच्या सोयीमुळे संगणकावरूनही करता येतो. फी भरल्यावर तारीख मिळते, लगतच्या धारकांना नोटीस जाते, भूकरमापक येऊन खुणा दाखवतो आणि मागाहून नकाशा मिळतो. त्यालाच लोक ‘क’ प्रत म्हणतात. इतर राज्यांत खात्याची नावं वेगळी आहेत, पण काम तेच. बडोद्यासारख्या शहरात सिटी सर्व्हेच्या कचेरीत चौकशी करावी.

एक विनंती. मोजणीचा अर्ज करण्याआधी शेजाऱ्यांना जाऊन सांगा. सरकारी नोटीस अचानक दारात आली की माणूस दचकतो, दुखावतो. ‘आपण दोघांनी मिळून एकदा मोजून घेऊ या, फी निम्मी-निम्मी’ असं म्हटलं, तर तीच मोजणी दोघांची होते. निकालही मग दोघांना मानावासा वाटतो.

गप्प बसणंही धोक्याचं

भांडू नका याचा अर्थ मुकाट बसा असा नव्हे. शेजाऱ्याचं कुंपण खरोखर तुमच्या हद्दीत असेल आणि ते तुम्ही वर्षानुवर्षं पाहत राहिलात, तर १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे खासगी जमिनीचा ताबा परत मागण्याची मुदत बारा वर्षांची आहे. तो ताबा उघड, सलग आणि तुमच्या हक्काला आव्हान देणारा असेल, तर बारा वर्षांनंतर तुमचा हक्कच बुडू शकतो. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं असंही स्पष्ट केलं, की अशा प्रतिकूल ताब्याच्या आधारे ताबेदार स्वतः दावाही लावू शकतो.

पण तुमच्या परवानगीनं कुणी जागा वापरत असेल, तर तो ताबा प्रतिकूल ठरत नाही. म्हणून एक साधी चिठ्ठी पुरते. ‘आपलं कुंपण माझ्या हद्दीत अमुक इंच आहे, ते तूर्त माझ्या संमतीनं राहू द्यावं’ असं लिहायचं, दोघांनी सही करायची, तारीख घालायची. नातंही राहतं, हक्कही राहतो.

पलीकडे गेलेल्या फांद्या

झाडाचं खोड ज्याच्या जमिनीत, झाड त्याचं. फांदी पलीकडे गेली म्हणून फांदीची किंवा फळाची मालकी बदलत नाही. अंगणावर लोंबणारा शेजाऱ्याचा हापूस तोडून खाल्ला, तर तो न विचारता घेतलेलाच आंबा होय. मात्र आपल्या अवकाशात शिरलेली फांदी सहन करत राहण्याची सक्तीही कुणावर नाही. ज्याला त्रास होतो तो ती हद्दीपर्यंत छाटू शकतो, असं न्यायालयं पूर्वीपासून मानत आली आहेत. झाडमालकाला आधी कळवावं, हद्द ओलांडून पलीकडची फांदी तोडू नये आणि छाटलेली फांदी, फळं त्याची त्याला द्यावीत, हे ओघानंच आलं.

शहरात यात आणखी एक गाठ आहे. महाराष्ट्राच्या नागरी भागात १९७५ पासून वृक्ष जतनाचा कायदा लागू आहे. वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडणं किंवा त्याला इजा करणं हा गुन्हा आहे. इतर राज्यांतही कुठे ना कुठे असे नियम आहेत. त्यामुळे ‘तोडा, नाहीतर मी तोडतो’ असं म्हणणाऱ्या मुलानं कोयता हाती घेण्याआधी नगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे विचारणा करावी. झाड वाळलेलं, कधीही कोसळेल असं असेल, तर दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमात ती सोय आहे.

आणि ताई, दोन फांद्यांचा प्रश्न तुम्ही स्वतःच मिटवा ना! परवानगी घ्या, माळी बोलवा, फांद्या उतरवा. मोहोर येण्याच्या काळात मात्र नको. पुढच्या वर्षी पहिली पाटी पलीकडे पाठवा. आंब्याइतका चांगला वकील दुसरा नाही.

पाणी, उजेड आणि उंची

भिंतीबरोबर तीन गोष्टी अडतात. पहिली, पाणी. उंचावरच्या जमिनीवरचं पावसाचं पाणी नैसर्गिक उतारानं खालच्या जमिनीत वाहून येणं, हे १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात वरच्या मालकाचा नैसर्गिक हक्क मानलं आहे. खालच्यानं भिंत घालून ते तुंबवू नये, तळाशी भोकं ठेवावीत. पण छपराची पन्हळ किंवा गच्चीचा पाइप थेट शेजाऱ्याच्या अंगणात सोडणं हे ‘नैसर्गिक’ नव्हे. ते पाणी आपलं आपण गटारीत न्यायचं.

दुसरी गोष्ट उजेड आणि वारा. एखाद्या घराला खिडकीतून वीस वर्षं सलग, विनातक्रार उजेड-वारा मिळत असेल, तर त्याच कायद्यानुसार तो हक्क बनू शकतो. मग भिंतीनं त्यात मोठी अडचण आणली, तर न्यायालयात दाद मागता येते.

तिसरी उंची. सहा फुटी भिंत म्हटलं की सुरक्षित वाटतं, पण बऱ्याच नगरपालिकांच्या नियमांत साधारण दीड मीटरपर्यंतच भरीव बांधकाम चालतं, त्यावर हवी तर जाळी. बांधकाम विभागात आधी विचारून घ्या. भिंतीवर काचा रोवू नका. चोर गोणपाट टाकून चढतो, चेंडू आणायला चढलेल्या पोराचा मात्र हात फाटतो. आणि कुंपणात घरातली वीज तर कधीच सोडू नका. रानडुकरांसाठी सोडलेल्या तारेनं माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तिथे मग शेजार राहत नाही, फौजदारी खटला उभा राहतो.

गावाकडचा बांध

शहरात भिंत, तसा गावाकडे बांध. दर नांगरटीला वीतभर बांध कोरायचा, ही जुनी खोड कितीतरी घराण्यांत कोर्टकचेऱ्या घेऊन आली. महाराष्ट्रात १९६६ च्या जमीन महसूल संहितेत हद्दीच्या निशाण्यांची जबाबदारी धारकांवर टाकली आहे आणि निशाण्या मोडणाऱ्याला दंड आहे. शेतात जायला रस्ताच नसेल, तर त्याच संहितेच्या १४३ व्या कलमाखाली तहसीलदारांकडे बांधावरून वाट मागता येते. असलेली वाट कुणी अडवली, तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. पण तिथे सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो.

कोकणात चिऱ्यांचे आणि दगडांचे गडगे असतात. देशावर निवडुंग, शेर, घायपात, चिल्लार. गुजरातेत थोर. पूर्वेकडे बांबूचे तट्टे. कुंपणाचं झाड बदलतं, पण काम एकच, गुरं आत येऊ नयेत आणि माणसं यावीत.

याच देशात एक कुंपण असंही होतं, की जे माणसांना अडवण्यासाठीच लावलं होतं. मिठावरचा कर बुडू नये म्हणून इंग्रजांनी पंजाबपासून ओरिसापर्यंत जकातीची सीमारेषा आखली होती, साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक लांब. तिच्या मोठ्या भागावर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांची काटेरी भिंत वाढवली होती आणि राखणीला हजारो शिपाई होते. पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम हे १८६७ ते १८७० या काळात याच जकात खात्याचे प्रमुख होते. १८७९ मध्ये ती रेषा सोडून दिली गेली आणि ते अवाढव्य कुंपण इतकं नाहीसं झालं, की त्यावर रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकाला शोध घेऊन २००१ साली आख्खं पुस्तक लिहावं लागलं. ज्या कुंपणाला दोन्ही बाजूंचं प्रेम नसतं, त्याला पाणी कोण घालणार?

बोलायचं कसं?

कायदा इतका पुरे. आता रीत सांगते.

निरोप कामवालीकरवी पाठवू नका, मुलांकरवी नको आणि मोबाइलवरच्या संदेशानं तर मुळीच नको. स्वतः जा. रविवारी सकाळी, चहाच्या वेळेला. उभ्या उभ्या बोलू नका, बसा.

‘तुम्ही आमच्या जागेत आलात’ असं न म्हणता ‘मला हद्दीबद्दल थोडी शंका आहे, आपण दोघं बघू या का?’ असं म्हणा. भिंत कशासाठी हवी ते विचारा. चोरीची भीती, कुत्रा, म्हातारीचा एकांत, लेकीसुनेचा आडोसा, काहीतरी कारण असतंच. कारण कळलं की कधी कधी भिंतीऐवजी जाळी आणि वेल यांवरही काम भागतं. कोयनेल, जास्वंद, बोगनवेल यांचं कुंपणही दाट होतं.

आपल्या हद्दीत भिंत बांधत असलो, तरी दोन्ही बाजूंना गिलावा करावा. पलीकडे विटा उघड्या ठेवल्या, तर त्या रोज शेजाऱ्याला टोचतात. रंग आपण लावला, तर पलीकडचा रंग त्यांना निवडू द्यावा. गवंड्यांना त्यांच्या अंगणात पाय टाकावा लागणार असेल, तर आधी परवानगी घ्यावी आणि काम झाल्यावर त्यांचं अंगण झाडून द्यावं.

ठरलं ते कागदावर उतरवा. हद्द, उंची, खर्च, डागडुजी कुणी करायची, एवढं एका पानावर मावतं. शेजाऱ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, तर आपल्यामागे आपली मुलं एकमेकांना तितकी ओळखत नसतील म्हणून.

बोलूनही जमलं नाही, तर कॉलनीतल्या दोघांना मान्य अशा वडीलधाऱ्या माणसाला मध्ये घ्या. तेही फसलं, तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानं लोकअदालतीची सोय केली आहे. दावा दाखल होण्याआधीही प्रकरण तिथे नेता येतं. तिथे तडजोड झाली की निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. वकिलाची नोटीस हा त्यानंतरचा मार्ग. आमच्या बाबांनी तो पहिल्याच दिवशी धरला.

ताई, थोडक्यात सांगायचं, तर आधी कागद काढा, मग शेजारी जाऊन बसा, दोघं मिळून मोजणी करून घ्या. भिंत त्यांच्या हद्दीत असेल, तर खर्च त्यांचा. तुम्हालाही हवी असेल, तर निम्मा तुमचा आणि भिंतही निम्मी तुमची. मेंदीची चार रोपं मात्र आधीच काढून कुंडीत लावा. पंचवीस वर्षांचं पाणी आहे ते.

आणि जमलं तर भिंतीत एक छोटं दार ठेवायला सांगा. आमच्याकडे ते मागच्या वर्षी झालं. काकूंनी गवंडी बोलावला, पैसे बाबांनी दिले. दाराला कडी दोन्ही बाजूंनी आहे. आमच्या बाजूची मी आजवर लागलेली पाहिली नाही.